पाच नको, दोनच गावं ठेवा

लंडनहून एका दिवसात कॉट्सवोल्ड्स या इंग्लंडमधल्या टेकड्यांच्या भागातली पाच गावं उरकायचा तुमचा बेत वाचला. कळकळीने सांगते, दोनच ठेवा. पॅडिंग्टनहून थेट रेल्वेने मोरटन-इन-मार्श, साधारण दीड तास; पुढे बसने चिपिंग कॅम्पडेन, हे पहिलं गाव. तिथे निवांत रमा. १६२७ सालच्या बाजारमंडपात लोणी, चीज, कोंबड्या विकल्या जायच्या. त्याची उंचसखल दगडी फरशी पायांना जाणवते! या गावाचं वैभव मूळचं लोकरीच्या व्यापारातलं. विल्यम ग्रेव्हल या लोकरव्यापाऱ्याचं चौदाव्या शतकातलं घर हमरस्त्यावरच आहे, अन् सेंट जेम्स चर्चमध्ये त्याचा कोरीव पितळी स्मृतिपट. दुपारी कॉट्सवोल्ड वे या पायवाटेने ब्रॉडवे या दुसऱ्या गावाला चालत जा, वाटेत ब्रॉडवे टॉवर लागतो. परतीच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा, विशेषतः रविवारी.