शब्दचर्चा: जन्मजात, आनुवंशिक की प्राथमिक?

टी पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमकुवत असल्याने विषाणूंचे संसर्ग आटोक्यात येत नाहीत, अशा विकारांना कुठे 'जन्मजात', कुठे 'आनुवंशिक', तर कुठे 'प्राथमिक' प्रतिकारन्यूनता (रोगप्रतिकारशक्तीची कमतरता) म्हटलेलं दिसतं. तिन्ही एकच का?

– नाही. जन्मजात म्हणजे जन्मतःच असलेलं. पोटात असताना सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू लागला तर तो संसर्गही जन्मजातच, पण आनुवंशिक नव्हे. उलट डायजॉर्ज विकारात २२व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा नसतो आणि दहापैकी सुमारे नऊ बाळांत तो नव्यानेच गळालेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. त्यामुळे 'जनुकीय' हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो.

– 'प्राथमिक' तर टाळाच. मूळ अर्थ 'दुसऱ्या कशामुळे न आलेली', म्हणजे एचआयव्ही किंवा केमोथेरपीमुळे नव्हे, असा आहे. पण मराठी कानाला 'प्राथमिक अवस्था' ऐकू येते आणि घरचे निर्धास्त होतात. तीव्र संयुक्त प्रतिकारन्यूनता, म्हणजे स्किड असलेलं बाळ उपचारांविना बहुधा पहिल्या एकदोन वर्षांतच दगावतं. 'मूळची न्यूनता' म्हणा.

– 'संयुक्त' का? टी पेशी आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी, दोन्ही बाजू पडलेल्या असतात म्हणून. एक्स गुणसूत्रावरच्या आयएल२आरजी जनुकातल्या दोषात बी पेशी मोजणीत भरपूर दिसतात, पण टी पेशींच्या मदतीवाचून त्या कामाची प्रतिपिंडं बनवत नाहीत. शब्द कामाबद्दल आहे, संख्येबद्दल नव्हे.

– संख्येवरून आठवलं. रक्ताच्या रिपोर्टातल्या 'लिम्फोसाइट (टी, बी वगैरे पांढऱ्या पेशी) २० टक्के' एवढ्यावर थांबू नये. एकूण पांढऱ्या पेशी ९००० असतील तर प्रत्यक्ष संख्या ९००० × ०.२० = १८०० प्रति मायक्रोलिटर. प्रौढांच्या तक्त्यात ही चालते (खालची मर्यादा साधारण १०००), म्हणून रिपोर्टवर खूण येत नाही. पहिल्या काही महिन्यांच्या बाळात मात्र २५०० च्या खालची संख्या शंकास्पदच. पुन्हा मोजून टी पेशी वेगळ्या तपासायला हव्यात. आईच्या टी पेशी बाळात उतरल्या असतील तर आकडा फसवा फुगतो, म्हणून अजून कुठल्याही जंतूशी गाठ न पडलेल्या टी पेशी वेगळ्या मोजतात. त्यांना काही भाषांतरांत 'भोळ्या' म्हटलंय. 'कोऱ्या टी पेशी' जास्त शोभतं.

– लिम्फोसाइटसाठी 'लसीकापेशी' वापरताना जपून. वाचणारा 'लस' ऐकतो आणि लसीमुळे तयार होणारी पेशी समजतो. इथे तर लसीचाच धोका आहे: स्किडची शंका असेल तर बीसीजी, तोंडावाटेची पोलिओ आणि रोटाव्हायरस या जिवंत लसी थांबवतात. त्यातले जंतू दुर्बल केलेले असले तरी या बाळात वाढत राहतात. रक्त द्यावं लागलं तर ते किरणोत्सर्गाने प्रक्रिया केलेलं हवं, नाहीतर दात्याच्या टी पेशी बाळावरच उलटतात.

– थायमससाठी, म्हणजे टी पेशी जिथे तयार होतात त्या छातीतल्या ग्रंथीसाठी, 'यौवनलोपी ग्रंथी' हा शब्द मला फार आवडतो. वयात आल्यावर ती आक्रसते, हे नावातच आहे. तान्ह्या बाळात ती मोठी असते. छातीच्या एक्स-रेत तिची सावलीच नसेल तर स्किडचा विचार करावा. फक्त गंभीर आजारातही ती आक्रसते, हे ध्यानात ठेवावं.

– 'वाहक'ही खुलासा करूनच लिहावा. संसर्गाच्या संदर्भात वाहक म्हणजे जंतू पसरवणारा. एक्स-संलग्न स्किडमधली वाहक आई निरोगी असते, कुणाला काही लावत नाही. तिच्या प्रत्येक मुलाला आजाराची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी. 'सदोष जनुक असलेली आई' असं सरळ लिहिलं तर तिच्यावर बोट रोखलं जातं. मी 'जनुकवाहक' लिहितो.