धोका आणि अवस्था वेगळ्या मोजा

धरण अतिधोक्याच्या वर्गात आहे म्हणजे ते आता फुटणार, असा सूर काहीजण लावतात. तसं नाही. धोक्याचा वर्ग ठरतो तो धरण फुटलंच तर खाली किती माणसं, घरं, पूल सापडतील यावर. नवंकोरं भक्कम धरणही त्या वर्गात येतं. अवस्था वेगळी पाहतात. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी होते, त्रुटींच्या तीन श्रेणी लावतात. पहिली सर्वांत गंभीर, म्हणजे धरण फुटू शकेल अशी.

कोकणात धोक्याचा वर्ग कागदावर जुना राहतो, ही माझी खरी काळजी. धरण बांधताना खाली भातखाचरं असतात, पुढे तिथेच वाडी वसते. शिवाय धरण नवं म्हणून सुरक्षित, असंही नाही. चिपळूणजवळचं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, तेव्हा ते वीस वर्षांचंही झालं नव्हतं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. म्हणून नुसतं वय बघून निर्धास्त राहू नका.

मातीच्या धरणात पायथ्याशी थोडं नितळ पाणी झिरपणारच. ते गढूळ झालं, तर आतली माती वाहून येतेय असं समजा आणि त्याच दिवशी धरणाची देखभाल पाहणाऱ्या शाखा अभियंत्याला कळवा, फोटोसकट, लेखी. भरावावरची झाडं, खेकड्यांची बिळं, सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेत, साचलेला गाळ हेही बघा.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात आपत्कालीन कृती आराखड्याची तरतूद आहे. आपल्या धरणाचा आराखडा ग्रामसभेत मागा. रात्री दोन वाजता वाडीला कोण उठवणार, हे त्यात लिहिलेलं हवं.