दगड तेच, अर्थ तीन

पुरातत्त्वात "नवीन उत्खननं झाली की सिद्धान्त बदलतात" असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. कित्येकदा पुरावा तोच असतो, त्याला विचारलेला प्रश्न बदलतो. फ्रान्समधल्या कोंब ग्रनाल गुहेतली निअँडरथलांची, म्हणजे आता नामशेष झालेल्या आदिमानवांची, दगडी हत्यारंच घ्या. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ फ्रान्स्वा बोर्द यांनी हत्यारांच्या प्रकारांची यादी केली, जमिनीच्या थराथरांत कुठल्या प्रकाराचं प्रमाण किती ते मोजलं आणि वेगळं प्रमाण म्हणजे वेगळी टोळी, असा अर्थ लावला. १९६० च्या दशकात अमेरिकन पुरातत्त्वज्ञ लुईस बिनफर्ड म्हणाले, टोळ्या कसल्या, कामं वेगळी! कुठे कातडी कमावणं, कुठे मांस कापणं. पुढे हा गडी अलास्कात जाऊन नुनामिउट शिकाऱ्यांबरोबर राहिला, ते कुठे काय टाकून देतात हे बघायला.

यात खरी गंमत आणली हॅरल्ड डिबल या आणखी एका पुरातत्त्वज्ञानं, १९८० च्या दशकात. तासणीची, म्हणजे खरवडायच्या दगडी हत्याराची, धार बोथट झाली की कडेचे टवके काढून ती पुन्हा लावायची. असं करत दगड झिजतो, एकधारी तासणी दुधारी होते, कधी टोकदारही. म्हणजे बोर्दांच्या यादीतले काही 'प्रकार' हे एकाच हत्याराचं तरुणपण आणि म्हातारपण! तरी ती यादी मोडीत निघाली नाही. वर्णनासाठी अजून वापरतातच.