बी-१० विक्रीला: रविवारी सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

सुनीता लिमये (बी-१०): नमस्कार मंडळी. ग्रुपवर विचारावं की नाही कळत नव्हतं, पण विचारतेच. दिवाळीनंतर आम्ही नाशिकला मुलीजवळ जातोय, फ्लॅट विकायचं नक्की झालंय. काल एजंट घर बघून गेला. त्याचं म्हणणं, हॉलला पीओपी, किचन मॉड्युलर आणि सगळी फरशी बदला. सहा लाख घाला, दहा लाख जास्त येतील. ह्यांना एकदम पटलंय. माझा जीव होत नाहीये. कोणाला काही अनुभव?

रोहित साने (ए-६): काकू, डोळे झाकून करा. घर बघायला येणारा आधी किचन बघतो. आम्ही इथे घर घेतलं तेव्हा मीरा किचन बघूनच हो म्हणाली होती.

वसंत नेने (ए-३): रोहित, ते किचन आता कुठे आहे?

रोहित साने (ए-६): 😅

रोहित साने (ए-६): काढलं काका. त्यांच्या मरून ट्रॉल्या होत्या, आम्हाला पांढऱ्या हव्या होत्या. आणि सिंकखालचा प्लाय फुगला होता.

वसंत नेने (ए-३): म्हणजे आधीच्या मालकांनी लाखभर रुपये घातले आणि तू ते फोडायला बिगारी लावलास. लिमये वहिनी, तुम्हाला अजून कोणाचा अनुभव हवा?

मीरा साने (ए-६): पण काका, तेव्हा ते किचन बघून आम्ही भाव कमी करायला सांगितलं नव्हतं, हेही खरंच ना? अगदीच कळकट असतं तर दोन लाख तरी पाडून मागितले असते.

वसंत नेने (ए-३): बरोबर. म्हणून कळकटपणा घालवायचा. ओटा चांगला असेल तर ओट्याला हात लावू नका. वहिनींचा काळा ग्रॅनाइट आहे, तो आपल्या सगळ्यांना पुरून उरेल. चॅनेल आणि बिजागऱ्या बदला, चिमणी उतरवून धुवून घ्या, टाइल्समधला काळा पडलेला ग्राउट खरवडून नवीन भरा. झालं किचन.

सेक्रेटरी पवार: कृपया लक्ष द्या. गेटसमोर पांढरी अॅक्टिव्हा लावली आहे. टँकर आत येत नाहीये. ज्यांची असेल त्यांनी लगेच काढावी.

समीर शेख (ए-१, हार्डवेअर): दुकानात रोज ऐकतो म्हणून सांगतो. आताचा गिऱ्हाईक शहाणा झालाय. दोन-तीन नळ एकदम सोडून बघतो, फ्लश दाबतो, खिडकीतून वाकून डक्टमधले पाइप बघतो. बिल्डिंग ९४ ची, बऱ्याच घरांत आतले पाइप अजून मूळचे जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे आहेत. आतून गंज धरून त्यांचं तोंड निम्मं झालंय. वर शॉवर चालू केला की बेसिनला धार करंगळीएवढी. काकू, तुमचे बदललेत का?

सुनीता लिमये (बी-१०): किचनचे बदललेत. बाथरूमचे नाही.

समीर शेख (ए-१, हार्डवेअर): मग तिथे खर्च करा. गरम-गार दोन्हीला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिकचा पाइप. साधं यूपीव्हीसी गिझरच्या लाइनला कोणी घालू लागला तर घालू देऊ नका. ते गार पाण्यासाठी असतं.

अमोल जाधव (बी-६): काकू, विषय निघालाच आहे म्हणून. राग मानू नका. आमच्या बाथरूमच्या छताला ओल आहे, तुम्हाला मागे दाखवली होती. तुमच्याकडे घर बघायला येणारे खाली आमच्याकडेही चौकशी करतात. परवा एक जोडपं बेल वाजवून विचारत होतं, इथे पाणी कसं आहे, लोक कसे आहेत. मी ओलीचं काही बोललो नाही. पण त्यांनी बघायला मागितलं असतं तर मी नाही म्हणणार नव्हतो.

सुनीता लिमये (बी-१०): अमोल, राग कसला रे. ह्यांच्या ऑपरेशनमुळे ते राहूनच गेलं.

वसंत नेने (ए-३): सहा लाखांतला पहिला रुपया इथे जायला हवा. वरून ग्राउट भरून किंवा केमिकल ओतून ओल थांबत नाही, चार महिने लपते. टाइल्स काढायच्या, खालचा कोबा (भराव) स्लॅबपर्यंत काढायचा, पाणी जायच्या जाळीखालचा नहाणी ट्रॅप नवा बसवायचा, पाइपाभोवतीची भोकं नीट भरायची, वॉटरप्रूफिंगचे दोन हात भिंतीवरही फूटभर वर घ्यायचे. मग ट्रॅप बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवायचं आणि अमोलच्या छताकडे बघत बसायचं. कोरडं राहिलं तरच टाइल्स. कॉन्ट्रॅक्टर हे पाणी साठवणं टाळतो, कारण त्याचे दोन दिवस जातात. तिथे ऐकू नका.

अमोल जाधव (बी-६): काका, खर्चाचं कसं?

सेक्रेटरी पवार: उपविधीप्रमाणे (सोसायटीचे नियम) गच्चीची आणि बाहेरच्या पाइपची गळती सोसायटीकडे. संडास, बाथरूम, सिंक यांची अंतर्गत गळती संबंधित सभासदांकडे. सोसायटी मध्ये पडणार नाही.

सुनीता लिमये (बी-१०): आमच्या बाथरूमची आहे, आम्हीच करणार. पवार, एवढं कोरडं नका हो लिहू.

सेक्रेटरी पवार: 🙏

केदार बापट (ए-२, न्यू जर्सी): इकडची गंमत सांगतो. घरावर केलेल्या खर्चातला किती विक्रीत परत येतो, याचा इकडे दरवर्षी अहवाल निघतो. त्यात गॅरेजचं दार वरच्या नंबरात असतं आणि महागडं चकाचक किचन पार खाली.

समीर शेख (ए-१, हार्डवेअर): केदारभाई, आपल्याकडे गॅरेज कुठलं, स्कूटर लावायला जागा मिळाली तरी पेढे वाटतात.

अनुराधा जोशी (बी-१५): पण दार तर सगळ्यांना आहे ना! मुद्दा तोच आहे. माणूस बेल वाजवून दाराबाहेर उभा असतो तेव्हा काय बघतो? आपला जिना. पान खाऊन रंगवलेला कोपरा, लोंबणाऱ्या केबल, मीटरच्या खोलीत ठेवलेला कुणाचा तरी जुना कूलर. आत इटालियन मार्बल घातला तरी बिल्डिंगचा भाव जिन्यात ठरतो.

अनुराधा जोशी (बी-१५): आणि लिफ्ट. हो, मी परत बोलणार. चौथ्या मजल्यावर राहते म्हणून बोलणारच. इथून चार गल्ल्या पलीकडे, ह्याच वयाच्या बिल्डिंगमध्ये, लिफ्ट आहे म्हणून वरचे फ्लॅट पटकन जातात. आमच्याकडे साठीतलं गिऱ्हाईक दुसऱ्या मजल्यावर दम घेतं आणि तिथूनच एजंटला 'कळवतो' म्हणतं.

समीर शेख (ए-१, हार्डवेअर): ताई, तळमजल्यावाल्याने लिफ्टचे पैसे का भरायचे, एवढं फक्त सांगा.

अनुराधा जोशी (बी-१५): कारण उपविधीतच आहे! लिफ्टचा देखभाल खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांना समान, वापरा किंवा नका वापरू.

समीर शेख (ए-१, हार्डवेअर): ते लिफ्ट असेल तेव्हा. बसवायचं कोणी लिहिलंय?

सेक्रेटरी पवार: लिफ्टचा विषय वार्षिक सभेत घेऊ. इथे नको. महापालिकेची परवानगी लागते, जागा लागते, आर्किटेक्ट लागतो. आज लिमये काकूंचा विषय आहे.

रोहित साने (ए-६): आणि ती अॅक्टिव्हा माझीच होती, काढली. सॉरी.

विजय पाटील (बी-४): मी बँकेत कर्ज विभागात होतो, म्हणून वेगळ्या बाजूने सांगतो. घेणारा बहुतेक वेळा कर्ज काढून घेतो. बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) येतो तो मंजूर नकाशा, कार्पेट (भिंतींच्या आतलं) क्षेत्रफळ, परिसरातला दर आणि इमारतीचं वय बघतो. पीओपीचे फोटो काढत नाही. समजा एजंटच्या सांगण्यावरून तुम्ही ८५ लाख लावले आणि व्हॅल्युअरने ७५ लिहिले. तीस ते पंच्याहत्तर लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या ८० टक्के. म्हणजे ६० लाख कर्ज, बाकीचे २५ त्याने खिशातून घालायचे. भाव ७५ असता तर पंधराच घालावे लागले असते. तुमच्या छताच्या डिझाइनसाठी दहा लाख रोख काढणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

रोहित साने (ए-६): हे जबरी आहे. आमच्या वेळी अगदी असंच झालं होतं, शेवटी मालकांना खाली यावं लागलं.

विजय पाटील (बी-४): दुसरं. वहिनी, हॉलची बाल्कनी तुम्ही आत घेतली आहे ना? जाहिरातीत ती कार्पेटमध्ये धरू नका. मंजूर नकाशात बाल्कनीच आहे, व्हॅल्युअर नकाशा हातात घेऊन उभा राहतो. मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), भोगवटा पत्र (इमारत राहण्याजोगी असल्याचा महापालिकेचा दाखला), थकबाकी नसल्याचा दाखला, सगळं एका फायलीत लावून ठेवा. फाइल तयार असली की गिऱ्हाईक भावावरून कमी वाद घालतं.

सेक्रेटरी पवार: मानीव अभिहस्तांतरण झालेलं आहे, म्हणजे बिल्डरने करून न दिलेली जमीन-इमारतीची मालकी सरकारी आदेशाने सोसायटीकडे आलीय, मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव लागलंय. आदेशाची प्रत मी देतो. काकू, हे गिऱ्हाइकाला नक्की सांगा. आजूबाजूला रिडेव्हलपमेंट चाललीय, लोक ते आधी विचारतात.

वसंत नेने (ए-३): तोच तर खरा घोटाळा आहे. तिशी ओलांडलेल्या बिल्डिंगमध्ये घेणारा निम्मं मन पुढच्या नव्या घरात ठेवून येतो. उद्या बिल्डर आला तर तुमची फरशी, ट्रॉल्या, पीओपी सगळं राडारोड्यात. बिल्डर जुन्या फ्लॅटचं क्षेत्रफळ बघतो, आतलं फर्निचर नाही. मग सहा लाख कशाला पुरायचे? आणि पवार, स्ट्रक्चरल ऑडिट, इमारतीच्या मजबुतीची तपासणी? पंधरा ते तीस वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी, तिशीनंतर दर तीन वर्षांनी.

सेक्रेटरी पवार: सभेत ठराव झालाय. दोन कोटेशन आली आहेत, तिसऱ्यासाठी थांबलोय.

वसंत नेने (ए-३): तिसरं येईपर्यंत बिल्डिंग थांबेल अशी आशा करू.

वसंत नेने (ए-३): फरशीवरही बोलतो, कारण हा प्रकार आपल्याकडे बोकाळलाय. जुनी फरशी न काढता तिच्यावर सिमेंट-वाळूचा थर आणि वर नवी टाइल. दोन इंच धरा. चौरस मीटरला शंभर किलोच्या पुढे वजन जातं. राहत्या घराचा स्लॅब माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला दोनशे किलो धरून डिझाइन करतात. त्यातलं अर्धं तुम्ही फरशीलाच देऊन टाकलं. सहाशे फुटांच्या घरात साडेपाच टन! शिवाय दारं खाली घासतात, बाथरूमचा उंबरा बुडतो. वहिनींची मोझॅक फरशी आहे. मशीन लावून पॉलिश करून घ्या. आजकाल मुलं मुद्दाम तसली फरशी शोधतात.

मीरा साने (ए-६): हो काकू, मोझॅक काढू नका प्लीज! तुमच्या हॉलमधली ती हिरवी किनार किती छान आहे.

सुनीता लिमये (बी-१०): अगं, तीस वर्षं मी ती किनार पुसतेय, कोणी पहिल्यांदा छान म्हणालं.

समीर शेख (ए-१, हार्डवेअर): वायरिंग राहिलं. जुन्या घरात एका लाइनवर सगळं लटकवलेलं असतं. एसीला स्वतंत्र चार स्क्वेअर एमएमची वायर, गिझरला स्वतंत्र लाइन, बोर्डात एमसीबी (जादा करंट आला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की पडणारा). गिऱ्हाईक बोर्ड उघडतं आणि आत चिनी मातीचे फ्यूज दिसले की चेहरा पडतो.

अपर्णा केळकर (ए-९, सीए): उशिरा बघितलं. काकू, कामाची बिलं घ्या, पक्की, आणि पैसे बँकेतून द्या. पाइपलाइन, वायरिंग, नवीन बाथरूम अशी टिकाऊ कामं सुधारणेचा खर्च म्हणून विक्रीच्या नफ्यातून वजा करता येतात. रंग आणि किरकोळ डागडुजी नाही. सोफा, पंखे, पडदे तर नाहीच.

सुनीता लिमये (बी-१०): आम्ही २००८ मध्ये दुसरं बाथरूम पूर्ण नवं केलं होतं. ते चालेल?

अपर्णा केळकर (ए-९, सीए): बिल सापडलं तर हो. घर ९४ चं असल्यामुळे १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, आणि सुधारणाही त्या तारखेनंतरच्याच. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर म्हणून तुम्हाला दोन्ही हिशेब करून बघता येतील: इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे मूळ किंमत वाढवणं) धरून २० टक्के, किंवा न धरता १२.५ टक्के. कमी बसेल तो कर. नाशिकला घर घेणार असाल तर चित्रच बदलेल, त्या घरात घातलेल्या नफ्यावरचा कर वाचतो, विक्रीनंतर दोन वर्षांची मुदत असते. सौदा पन्नास लाख किंवा वर असेल तर घेणारा एक टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या नावाने आगाऊ भरायचा कर, कापेल, घाबरू नका. काकांना फाइल घेऊन माझ्याकडे पाठवा.

अनुराधा जोशी (बी-१५): सोलरचं पण सभेत घ्या हो पवार. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. दहा किलोवॅट बसवलं तर एक लाख ऐंशी हजार. पंप आणि जिन्याचं बिल खाली येईल, मेंटेनन्स वाढणार नाही. घेणारा महिन्याचा मेंटेनन्स विचारतोच.

समीर शेख (ए-१, हार्डवेअर): हे मला मान्य. यात जिना चढायचा नाही.

सुनीता लिमये (बी-१०): सगळ्यांचे आभार. ठरलं असं: बाथरूम पूर्ण, पाइप, वायरिंगचा बोर्ड, मोझॅकला पॉलिश, घराला फिकट पांढरा रंग, सेफ्टी डोअरला ऑइलपेंट. माळ्यावरचं सामान काढते, हव्या असतील तर पितळी पातेली घेऊन जा. पीओपी रद्द. मात्र ह्यांच्या डोक्यातून ते अजून गेलेलं नाही. नेने, संध्याकाळी चहाला या आणि तुम्हीच सांगा. माझं ऐकत नाहीत.

वसंत नेने (ए-३): येतो. साडेपाचला. साखर कमी.

सेक्रेटरी पवार: काकू, काम सुरू करण्याआधी सोसायटीकडे अर्ज आणि डिपॉझिट. राडारोडा पार्किंगमध्ये दिसला तर डिपॉझिटमधून कापून घेणार. दुपारी दोन ते चार हातोडा बंद.

अमोल जाधव (बी-६): काकू, समीरभाईंचा प्लंबर मंगळवारी दहाला येतोय. आधी आमच्याकडून ओल बघेल, मग वर येईल. चावी शेजारी ठेवलीत तरी चालेल, मी घरीच आहे.