बाबांचं जीएमटी-मास्टर १६७५: तबकडी नवी करून घ्यावी का?

खाडीकाठ:
नमस्कार. माझे बाबा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. १९७४ साली बोट सिंगापूरला लागली असताना त्यांनी हे रोलेक्सचं घड्याळ घेतलं, मॉडेल नंबर १६७५. १९९१ला निवृत्त झाले तेव्हा डबीत ठेवलं, ते पुन्हा कधी घातलं नाही. मागच्या वर्षी बाबा गेले. आईने आता ते मला दिलंय.

हातात घातलं की चालतं, पण दिवसाला चार-पाच मिनिटं मागे पडतं. बाहेरच्या निळ्या-लाल कड्यातला लाल रंग विटून गुलाबी झालाय. तबकडीवरचे पांढरे ठिपके पिवळे पडलेत आणि अंधारात अजिबात चमकत नाहीत. ते कडंही जागेवर नाही, त्याचा त्रिकोण बाराच्या ऐवजी नऊच्या किंचित वर आहे. एका दुकानात दाखवलं तर म्हणाले, तबकडी नवी रंगवतो, कडं बदलतो, बाहेरच्या धातूच्या केसला पॉलिश मारतो, अगदी नव्यासारखं होईल. सोमवारी द्यायचं ठरलंय. मला विकायचं नाही, रोज घालायचंय. काय करू?

जुनी_चावी:
ताई, सोमवारी देऊ नका.

तबकडीच्या तळाशी, सहाच्या खाली, बारीक अक्षरांत 'स्विस - टी<२५' असं दिसतंय का बघा. टी म्हणजे ट्रिटियम, ठिपके अंधारात चमकावेत म्हणून रंगात घातलेला किरणोत्सर्गी पदार्थ. त्याचं अर्धायुष्य सव्वाबारा वर्षांचं. पन्नास वर्षांत त्याची चमक विझणारच. उलट तुमचे ठिपके लख्ख चमकत असते तर मला शंका आली असती की कुणीतरी नवा रंग भरलाय. तो पिवळेपणा आणि तो गुलाबी रंग कुठल्याही कारागिराला परत आणता येत नाही. संग्राहक त्याच्यासाठीच जीव टाकतात.

पॉलिशचं माझ्याच अनुभवातून सांगतो. २००६ साली मी माझं १६७५ एकाकडून चकचकीत करून घेतलं. पट्टा अडकतो तिथल्या चारही कडा धारदार होत्या, त्या गोल झाल्या. धातू गेला तो गेला. आजही अंगठा त्या कडेवरून फिरला की वाईट वाटतं.

तुमच्या घड्याळाला फक्त मशीनचं काम हवंय. आत १५७५ नंबरचं मशीन असतं, दणकट. तीसेक वर्षं पडून तेल सुकलंय. खोलून साफ करणं, नवं तेल, पाणी रोखणारी रबरी रिंग, बस. बिलावर लिहून घ्या: तबकडी, काटे, कडं, केस यांना हात लावायचा नाही, बदललेला प्रत्येक भाग परत द्यायचा. आणि नंतरही पाण्यात घालू नका.

कडं बिघडलेलं नाही. १६७५मध्ये चोवीस तासांचा काटा (दिवसातून एकच फेरी मारणारा) तासकाट्याला जोडलेला असतो, तो वेगळा हलवता येत नाही. दुसऱ्या देशाची वेळ कडं फिरवूनच बघायची. आणि ते कडं टिकटिक न करता सरकतं, त्यामुळे आपल्या साडेपाच तासांच्या फरकासाठी अर्ध्या तासावरही थांबतं. कड्यावर चोवीस तासांचे आकडे असतात, म्हणून त्रिकोण नऊच्या किंचित वर म्हणजे साडेपाच तास पुढे. काटे ग्रीनिच वेळेवर, कडं भारताच्या वेळेवर.

बोरीबंदर७०:
वरचं सगळं पटलं. एक भर घालतो. बाबांची सीडीसी, म्हणजे बोटीवरच्या नोकरीची नोंदवही, जपून ठेवा. बोटीवर चढल्या-उतरल्याच्या तारखा त्यात शिक्क्यासह असतात. सिंगापूरचं बिल मिळालं तर उत्तमच. आणि पट्टा काढून सहाच्या बाजूला केसवर कोरलेला सीरियल नंबर टिपून ठेवा. चोरीची तक्रार करायची वेळ आली तर तोच लागतो.

खाडीकाठ:
तळाशी टी<२५ आहे! सोमवारचं रद्द केलं.

आईला कड्याचं वाचून दाखवलं. ती उठून सीडीसी घेऊन आली. शेवटची बोट पश्चिम आफ्रिकेच्या फेऱ्यांवर होती. आई म्हणाली, घानातल्या टेमा बंदरातून त्यांचा फोन यायचा तेव्हा ते आधी विचारायचे, "तिकडे आत्ता साडेनऊ ना?" टेमाची वेळ ग्रीनिचचीच आहे, मी आत्ता बघितलं.

कड्याचा फोटो काढून ठेवलाय. आता फक्त मशीनचं काम करणारा कारागीर शोधतेय, ठाणे किंवा मुंबईत कुणी माहीत असेल तर सांगा.