हॅडिक्सच्या नावापुढे १२.२ इनिंग: तेराव्या इनिंगमधला दुसरा आउट कोणता?

वहीवाला
मंडळी, बेसबॉलचे जुने बॉक्स स्कोअर (सामन्याचे आकड्यांचे तक्ते) वाचायचा मला भारी नाद. सध्या २६ मे १९५९ चा घेऊन बसलोय. मिलवॉकीचं काउंटी स्टेडियम, पिट्सबर्ग पायरेट्स विरुद्ध मिलवॉकी ब्रेव्ह्ज.

पिट्सबर्ग ००० ००० ००० ००० ० – ० रन, १२ हिट, १ एरर
मिलवॉकी ००० ००० ००० ००० १ – १ रन, १ हिट, ० एरर

हिट म्हणजे चेंडू टोलवून बेस गाठणं; बारा हिट मारणारे हरले, एक हिट मारणारे जिंकले! पण माझं घोडं अडलंय ते पिचिंगच्या रकान्यात. पिट्सबर्गचा पिचर (चेंडू टाकणारा) हार्वी हॅडिक्स: इनिंग १२.२, हिट १, रन १, अर्न्ड रन (पिचरच्या खात्यावर धरलेले) ०, वॉक (न टोलवता मिळालेला पहिला बेस) १, स्ट्राइकआउट ८. इनिंग तीन आउटची, पॉइंटनंतरचे २ म्हणजे त्यातले दोन आउट. तेराव्यात मिलवॉकीचा फेलिक्स मँटिया एररवर (फील्डरच्या चुकीमुळे) पहिल्या बेसला पोचला, एडी मॅथ्यूजने सॅक्रिफाइस बंट केला, म्हणजे चेंडू हलका ढकलून स्वतः बाद होत मँटियाला पुढे सरकवलं (हा एक आउट), हँक आरनला मुद्दाम वॉक दिला, मग जो ॲडकॉकने टोलवलं आणि खेळ खल्लास. दुसरा आउट कुठून आला? आणि चेंडू कुंपणापार गेला होता, तर ॲडकॉकच्या नावावर डबल (दोन बेसचा हिट) का, होम रन (चारही बेसचा) का नाही?

डावखुरा
वहीवाले, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच: ॲडकॉक स्वतःच तो दुसरा आउट.

चेंडू कुंपणापार गेला हे खरं. पण आरनला वाटलं, तो आतच पडलाय आणि मँटिया घरी (होम प्लेटला) आला की सामना संपला. म्हणून दुसऱ्या बेसच्या पुढे तो धावायचा थांबला आणि मैदानातून सरळ डगआउटकडे वळला. ॲडकॉक मागून मान खाली घालून पळतच होता, तो आरनच्या पुढे निघून गेला. पुढच्या रनरला ओलांडलं की मागचा तिथल्या तिथे आउट, मग चेंडू कुंपणापार का जाईना. दुसऱ्या बेसपर्यंत तो नियमाने पोचला होता, म्हणून डबल. त्या रात्री पंचांनी २–० धरलं होतं. दुसऱ्या दिवशी नॅशनल लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स यांनी निकाल दिला की डबल असेल तर मँटियाचा एकच रन धरायचा. म्हणून १–०.

कोपरा_सीट
डावखुरा यांनी छानच उलगडलंय. अर्न्ड रन ० चं कारणही जोडतो: मँटिया मुळात पायरेट्सचा फील्डर डॉन होकच्या चुकीच्या थ्रोमुळे बेसवर आला. तोवर हॅडिक्सने लागोपाठ ३६ बॅटर बाद केले होते, एकालाही पहिला बेस दिसला नव्हता. पिचर डॉन लार्सनने १९५६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (वर्षाच्या अंतिम मालिकेत) एका सामन्यात लागोपाठ २७ बाद केले आणि अजरामर झाला. इथे त्यापुढे आणखी नऊ! तरी नावापुढे 'पराभूत पिचर'. मला तो रकाना वाचवत नाही.

वहीवाला
डावखुरा, शतशः आभार! आत्ता बेरीज करून पाहिली. १२ इनिंगचे ३६, मॅथ्यूज ३७, ॲडकॉक ३८. चोख जुळतंय. म्हणजे त्या '.२' मध्ये आरनची वाट चुकणं, ॲडकॉकचं धावणं आणि जाइल्स यांचा निकाल, सगळं बसलंय. जमाखर्चाच्या वहीत एका पैशाच्या फरकामागे अख्खा व्यवहार सापडावा, तसं झालं.

आणि मिलवॉकीचा पिचर लू बर्डेट, त्याच्याकडे कुणी बघतच नाही हो! पूर्ण १३ इनिंग, १२ हिट, वॉक शून्य, रन शून्य. बारा जण हिट मारून बेसवर आले आणि एकही घरी पोचला नाही. हॅडिक्सचं दुःख मोठं आहेच, पण ही ओळही त्याच्याच शेजारी मोठ्या अक्षरात छापायला हवी.

डावखुरा
बर्डेटबद्दल शंभर टक्के सहमत. आणखी एक सांगतो, कारण नो-हिटरच्या (एकही हिट न दिलेल्या सामन्यांच्या) यादीत हॅडिक्सला शोधाल तर सापडणार नाही. १९९१ साली नो-हिटरची व्याख्या बदलली. निदान नऊ इनिंगचा सामना हवा आणि तो संपेपर्यंत एकही हिट नको. तेराव्यातल्या त्या एका हिटपायी हॅडिक्सचं नाव अधिकृत यादीतून गेलं. माझ्या मते हा अन्याय आहे. नऊ इनिंगनंतर सामना संपला नाही तो पायरेट्सना रन काढता आला नाही म्हणून. त्याची शिक्षा पिचरला का?

कोपरा_सीट
पायरेट्सच्या बॅटिंगचा रकानाही बघा, वहीवाले. त्यांचा नामांकित बॅटर रोबेर्तो क्लेमेंटे त्या दिवशी खेळलाच नव्हता. उजव्या फील्डला रोमान मेहियास होता.