फायनल फँटसी १४: सगळे नग ९० किंवा वर, तरी सरासरी ८५! ड्युटी फाइंडर नोंदणी घेत नाही

हळदपेठ (सांगली)

फायनल फँटसी १४ या ऑनलाइन गेमची फ्री ट्रायल, जॉब व्हाइट मेज (हीलर, म्हणजे साथीदारांना बरं करणारा), लेव्हल ५०. क्रिस्टल टॉवरच्या पहिल्या दोन रेड (२४ जणांच्या मोठ्या लढाया) झाल्या. तिसरीला, म्हणजे वर्ल्ड ऑफ डार्कनेसला, ड्युटी फाइंडर (साथीदार जुळवून देणारी गेममधली सोय) नाव नोंदवूच देत नाही. तिला सरासरी आयटम लेव्हल (अंगावरच्या नगांचा, म्हणजे शस्त्र-कपडे-दागिन्यांचा दर्जा) ९० लागते आणि माझी ८५ दिसतेय. काठी ९० ची, चार नग १०० चे, पाच नग ९० चे. यातून ८५ कशी निघते? ट्रायलला मार्केट बोर्ड (खेळाडूंचा बाजार) बंद, त्यामुळे विकत घेण्याचा रस्ता नाही. ही रेड मुख्य कथेत सक्तीची असल्यामुळे वगळताही येत नाही.

सोबत आणखी तीन अडचणी आहेत. पीएस ४ चा कंट्रोलर स्टीममधून चालवतो, पण एकदा दाबलं की मेनू दोन घरं सरकतो. बॉसला मारता मारता कुणाला हील केलं की बॉसवरचं टार्गेट सुटतं. आणि सर्व्हर मटेरिया या डेटा सेंटरवर असल्याने रात्री नऊनंतर रांग हलत नाही. लाईट गेली की काय करायचं, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

अजिंक्यतारा (सातारा)

तुझ्या यादीतच उत्तर आहे भावा. काठी सोडून दहा जागा असतात: डोकं, अंग, हात, पाय, बूट, कान, गळा, मनगट आणि दोन अंगठ्या. तू नऊच मोजल्यास. एक जागा रिकामी आहे, बहुतेक दुसरी अंगठी.

सरासरी १२ ने भागून काढतात. दोन्ही हातांनी धरायचं शस्त्र दोनदा मोजलं जातं आणि रिकामी जागा शून्य धरली जाते. तुझा हिशेब असा: काठी ९० दुणे १८०, चार नगांचे ४००, पाच नगांचे ४५०. बेरीज १०३०, भागिले १२ म्हणजे ८५.८३. अपूर्णांक सोडून देतात, म्हणून ८५.

आता त्या बोटात ६० ची साधी अंगठी घाल. १०९० भागिले १२, म्हणजे ९०.८३. दार उघडलं. अॅम्डापोर कीपसारख्या लेव्हल ५० च्या जुन्या डंजनमध्ये (चार जणांच्या छोट्या मोहिमेत) ६० चे नग पडतात, तेवढ्यावर भागतं.

अंगठीची जागा रिकामी राहण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बऱ्याच अंगठ्या 'युनिक' असतात. तीच अंगठी दोन्ही बोटांत घालता येत नाही, त्यामुळे दुसरी वेगळ्या नावाची शोधावी लागते.

मिरज_जंक्शन

वरचा हिशेब बरोबर आहे. पण ९० गाठण्यापुरती अंगठी घालून थांबू नका, कारण आत गेल्यावर २३ माणसं तुमच्यासोबत असतात. मार्केट बोर्ड नसला तरी पोएटिक्स टोमस्टोन (गेममधलं एक चलन) ट्रायललाही मिळतात. लेव्हल ५० चे डंजन आणि रूलेट (गेम नेमून देईल ती मोहीम) केले की ते साठतात, साठवणीची मर्यादा २००० आहे. मोर ढोनामध्ये रेव्हनन्ट्स टोलला त्यांच्यावर आयर्नवर्क्सचे नग मिळतात, तेही १२० चे. दोन-तीन नग आले तरी सरासरी झपाट्याने वर जाते. २००० वर पोचल्यावर पुढचे वाया जातात, म्हणून मध्येच खर्च करत राहा.

क्रम मात्र पाळा. हीलरने आधी काठी घ्यावी, कारण हील आणि मार दोन्हींची ताकद शस्त्रावर सगळ्यात जास्त अवलंबून असते. मग अंग आणि पाय, कारण या दोन नगांवर गुण जास्त असतात. कान, गळा, मनगट सगळ्यात शेवटी. सरासरी फुगवायला बरेच जण उलट करतात, स्वस्त दागिने आधी घेतात. मग आकडा छान दिसतो आणि टँक (शत्रूचा मार अंगावर घेणारा) मरतो.

आणखी एक. नवा नग चढवला की गिअर सेट (जॉबसाठी जतन केलेली नगांची यादी) अपडेट करा. 'रिकमेंडेड गिअर' बटण आर्मरी चेस्टमधले चांगले नग अंगावर चढवतं, पण सेट जतन करत नाही. दुसरा जॉब लावून परत व्हाइट मेजवर आलात की जुनाच सेट चढतो आणि सरासरी पुन्हा खाली. सेटमध्ये सोल क्रिस्टल (जॉब चालू ठेवणारा नग) आहे ना, तेही बघा. नसेल तर तुम्ही कॉन्जरर (व्हाइट मेजच्या आधीचा वर्ग) म्हणून फिरता आणि व्हाइट मेजच्या क्रिया गायब होतात. नगांची झीजही तपासा, ० टक्क्यांवर गेलेला नग असून नसल्यासारखा.

कृष्णाकाठ

कंट्रोलरचं सांगते.

दोन घरं सरकण्याचं कारण म्हणजे एकच दाब गेमला दोन वाटांनी पोचतो. गेम पीएस ४ चा पॅड थेट ओळखतो आणि स्टीम इनपुट (स्टीमची कंट्रोलर जोडण्याची सोय) त्याच पॅडचा दुसरा, एक्सबॉक्सचा अवतार बनवून देतं. लायब्ररीत गेमच्या नावावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, कंट्रोलर, तिथे स्टीम इनपुट बंद करा. गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

टार्गेट सुटतं ते कन्फर्म दाबल्यामुळे. डी-पॅड वर-खाली केलं की पार्टी लिस्टमधल्या माणसावर सॉफ्ट (तात्पुरतं) टार्गेट जातं. तिथे कन्फर्म न दाबता सरळ हील मारायचं. हील त्या माणसाला लागतं आणि हार्ड (पक्कं) टार्गेट बॉसवरच राहतं. कन्फर्म दाबलं की तो माणूसच हार्ड टार्गेट होतो आणि पुढचा स्टोन (हल्ल्याची क्रिया) हवेत जातो. हे एकदा बोटात बसलं की पॅडवर हीलर खेळणं माउसइतकंच जलद होतं.

पार्टी लिस्टचा क्रम कॅरेक्टर कॉन्फिगरेशनमधून रोलनुसार लावा, म्हणजे टँक नेहमी त्याच जागी सापडतो. मोजून इतक्या वेळा खाली दाबायचं, नाव वाचायचं नाही.

क्रॉस हॉटबारवर (पॅडसाठी क्रिया मांडायच्या पट्टीवर) एल २ धरून आठ आणि आर २ धरून आठ, अशा १६ क्रिया एका सेटवर बसतात. दर काही सेकंदांनी लागणाऱ्या क्रिया आर २ च्या चार फेस बटणांवर ठेवा: क्युअर २, मेडिका, रीजेन, स्टोन २. उजव्या अंगठ्याखाली त्या पटकन येतात. डी-पॅडच्या बाजूला क्वचित लागणाऱ्या ठेवा, कारण तिथे जाताना डावा अंगठा चालण्याच्या स्टिकवरून उचलावा लागतो आणि माणूस जागीच उभा राहतो. जमिनीवर आग पेटलेली असताना हे फार महाग पडतं.

स्विफ्टकास्ट आणि रेझ (मेलेल्याला उठवणारी क्रिया) शेजारी हवेत. रेझ नुसतं मारायला ८ सेकंद लागतात, आधी स्विफ्टकास्ट दाबलं की ते तत्काळ लागतं. बेनिडिक्शन (एकाला पूर्ण बरं करणारी क्रिया) एकटं ठेवा, चुकून दाबलं जाणार नाही अशा जागी.

१६ कमी पडू लागल्या तर डब्ल्यू-क्रॉस हॉटबार चालू करा. त्यात एल २ किंवा आर २ पटकन दोनदा दाबून आणखी १६ मिळतात. लेव्हल ५० ला घाई नको, आधी पहिल्या १६ पक्क्या करा. ही मांडणी ड्युटी सपोर्टमध्ये घोटून घ्या. मुख्य कथेच्या चार जणांच्या डंजनमध्ये संगणकाचे साथीदार घेता येतात, रांग नाही आणि कुणाचा खोळंबाही नाही. २४ जणांच्या रेडला ही सोय नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

रांगेबद्दल. या रेडला ३ टँक, ६ हीलर आणि १५ डीपीएस (मारा करणारे) जमावे लागतात, आणि ड्युटी फाइंडर फक्त आपल्याच डेटा सेंटरमधली माणसं गोळा करतो. मटेरिया ऑस्ट्रेलियात आहे. आपले रात्रीचे नऊ म्हणजे सिडनीत पहाटेचा दीड, तिकडे उन्हाळा असेल तर अडीच. माणसं झोपलेली असतात. तिकडची गर्दी आपल्या दुपारी अडीच ते साडेसहाच्या दरम्यान असते, त्यांच्या उन्हाळ्यात तासभर आधी. रविवारी दुपारी नोंदणी करून बघ, फरक लगेच कळेल.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी मात्र आधी घड्याळ बघून डेटा सेंटर निवडावं. संध्याकाळी सात ते नऊ खेळणाऱ्याला जपान बरं, तिकडे साडेदहा ते साडेबारा वाजलेले असतात. ड्युटी फाइंडरच्या भाषांमध्ये जपानी आणि इंग्रजी दोन्हींवर खूण करावी, नाहीतर अर्धी माणसं जुळतच नाहीत. रात्री दहानंतर खेळणाऱ्याला युरोप. तू लेव्हल ५० पर्यंत आलायस, आता नव्याने उभं करण्यापेक्षा वेळ बदल.

पिंग (सर्व्हरपर्यंत जाण्या-येण्याचा उशीर) जास्त असला तरी व्हाइट मेज चालून जातो. ग्लोबल कूलडाउन (दोन मुख्य क्रियांमधला थांबा) २.५ सेकंदांचा, स्टोन २ चा कास्ट १.५ चा, उरलेल्या एका सेकंदात एकच इन्स्टंट क्रिया बसवायची. दोन बसवायला गेलास तर पुढचा कास्ट उशिरा सुटतो, कारण प्रत्येक इन्स्टंट क्रियेनंतरच्या थांब्यात पिंगची भर पडते.

मिरज_जंक्शन

लाईटचं. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही डीसी मिनी-यूपीएसवर टाका. अॅडॉप्टरवर ९ व्होल्ट की १२ व्होल्ट लिहिलंय ते बघून तोच व्होल्टेज घ्या, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. दोन डबे वेगवेगळे असतील तर दोन आउटपुटचं घ्या, नुसता राउटर चालू ठेवून उपयोग नाही.

घरात इन्व्हर्टर असून पीसी रीस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरवरचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडला लाईटवरून बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी बसतो.

तरीही तुटलंच तर घाबरू नका, लगेच लॉगिन करा. गट अजून आत असेल तर तुम्ही तिथेच परत येता. स्वतःहून ड्युटी सोडली तर मात्र ३० मिनिटं नवी नोंदणी करता येत नाही. नोंदणी जुळल्यावर होकाराला ४५ सेकंदच मिळतात, त्यामुळे रांगेत असताना आवाज चालू ठेवा.

हळदपेठ (सांगली)

दुसरी अंगठीच नव्हती. ६० ची घातली, ९० दाखवतंय. स्टीम इनपुट बंद केल्यावर मेनूही नीट झाला. पोएटिक्स ६०० च्या आसपास आहेत, काठीला पुरेपर्यंत थांबू का आधी रेड करू?

मिरज_जंक्शन

रेड आधी करा. तिथे ११० चे नग पडतात आणि पोएटिक्सही मिळतात. अंग किंवा पाय रेडमध्येच मिळाले तर सगळे टोमस्टोन काठीला वापरता येतील.